देशांतराचा निर्णय : योग्य देश आणि योग्य दिशा



आपल्या गोंडपिपरी तालुक्याला गाव सोडून जाणे नवे नाही. धानाची कापणी-मळणी आटोपली की वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या गावांतून माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. घराला कुलूप लागते, म्हातारी माणसे मागे राहतात, मुलांची शाळा बुडते. २०२० च्या टाळेबंदीत असे हजारो मजूर तिकडे अडकले आणि कित्येकांनी पायीच गावची वाट धरली. तेव्हा 'जावे की राहावे' हा प्रश्न आपल्या घरांत दरवर्षी उठतो.

आता या प्रश्नाला नवे रूप आले आहे. त्याच घरांतून शिकलेली मुले-मुली निघाली आहेत. कोणी आयटीआय केलेला वेल्डर आहे, कोणी परिचारिका आहे, कोणी अभियंता आहे. त्यांच्यापुढे दुबई, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका यांची नावे आहेत. मिरचीला गेलेला माणूस उन्हाळ्यात परत येतो. परदेशी गेलेला केव्हा येईल आणि येईल की नाही, हे सांगता येत नाही. मिरचीला जाताना शेत विकावे लागत नाही. परदेशी जाताना पुष्कळदा विकावे लागते. म्हणून हा निर्णय घाईने घेण्यासारखा नाही आणि भीतीने टाळण्यासारखाही नाही. या पाठात आपण त्याचाच विचार करू.

परित्राणपाठाच्या वेळी आपण मंगलसुत्त ऐकतो. पुष्कळांच्या ते तोंडपाठही आहे. त्यात योग्य देशात वास करणे हे एक मंगल सांगितले आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. जन्म झाला तीच भूमी श्रेष्ठ, असे तेथे म्हटलेले नाही. आणि दूरचा देश तो चांगला, असेही म्हटलेले नाही. 'योग्य' असा शब्द आहे. जेथे प्रामाणिक कष्टाने पोट भरता येते, मुलांना शिकता येते, कल्याणमित्र भेटतात आणि माणसाला मान वर करून जगता येते, तो योग्य देश. त्याच गाथेत आणखी एक मंगल सांगितले आहे : स्वतःला योग्य दिशेला लावणे. ही दोन्ही मंगले एकाच ठिकाणी यावीत, यात अर्थ आहे. देश बदलला पण दिशा ठरली नाही, तर देशांतर व्यर्थ जाते.

भगवान बुद्धांचे उदाहरण पाहा. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकीकत मांडली आहे, ती देशत्यागाचीच हकीकत आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचा तंटा झाला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. आपल्यामुळे कुटुंबावर बहिष्कार आणि जप्ती येऊ नये, म्हणून त्यांनी देशत्याग पत्करला. यातल्या तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली, जाण्याचे कारण त्यांना स्वच्छ माहीत होते. दुसरी, ते रात्री कोणाला न सांगता पळाले नाहीत. आईवडिलांशी आणि यशोधरेशी बोलले, त्यांची संमती घेतली. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुढे तंटा मिटल्याची बातमी आली. जाण्याचे कारण संपले. तेव्हा सिद्धार्थाने स्वतःला पुन्हा प्रश्न विचारला, की आता परत जावे का? विचारांती त्यांना मोठे कारण सापडले, आणि म्हणून ते पुढे गेले. म्हणजे देशत्यागाचा निर्णय एकदाच करून संपत नाही. कारण बदलले की निर्णय पुन्हा तपासावा लागतो.

गाव सोडणे म्हणजे समाजाशी बेइमानी, असे काही लोक म्हणतात. हे बरोबर नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गाची जी अखिल भारतीय परिषद भरली, तिने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती. ज्या गावगाड्यात माणूस म्हणून जगता येत नाही तो सोडावा, हा विचार आपल्या चळवळीला परका नाही. प्रश्न एवढाच, की सोडून जाताना आपण काय मिळवायला जातो आणि काय बरोबर घेऊन जातो.

या ठिकाणी आपल्याच महाराष्ट्रातील एका समाजाचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. कोकणातील, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यातील, बेने इस्रायल हे यहुदी लोक. त्यांची मातृभाषा मराठी, आडनावे पेणकर, किहिमकर अशी गावांवरून पडलेली. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून कोकणी लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. धर्मामुळे त्यांचा या देशात छळ झाला नाही. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि १९५० च्या कायद्याने जगातल्या कोणत्याही यहुद्याला तेथे येऊन राहण्याचा हक्क मिळाला. मग या मराठी कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला : येथे राहावे की 'आपल्या' देशात जावे? घरोघर चर्चा झाली. पुष्कळ गेले, काही राहिले.

जे गेले त्यांना काय मिळाले? काम मिळाले, घर मिळाले, नागरिकत्व मिळाले. परंतु आपल्या रंगामुळे आपल्याला कमी लेखले जाते, असा अनुभवही कित्येकांना आला. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातील काहींनी धरणे धरले, उपोषण केले आणि आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा अशी मागणी केली. शंभरावर माणसे खरोखरच मुंबईला परत आली. नंतर त्यांतील बहुतेक पुन्हा तिकडे गेली! दोन्हीकडे त्यांची किती ओढाताण झाली असेल, याची कल्पना करावी. पुढे १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने यांच्या लग्नांच्या बाबतीत शंका काढली. यांच्या पूर्वजांची चौकशी करून मगच लग्ने लावावीत, असा फतवा निघाला. ज्या देशाला आपला म्हणून गेले, तेथेच 'तुम्ही खरे आमचे का?' असा प्रश्न त्यांना विचारला गेला. पण या वेळी ते परत फिरले नाहीत. त्यांनी संघटना बांधली, निदर्शने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेला ठराव करावा लागला, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत. आज त्यांची संख्या भारतापेक्षा तिकडे अधिक आहे. त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालविले.

या इतिहासात आणखी एक बारीक गोष्ट आहे. कोकणात असताना या समाजातच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि गोरे म्हणविणारे काळ्यांशी रोटीबेटी करीत नसत. वंशशुद्धीचा जो प्रश्न त्यांना परदेशात विचारला गेला, तो घरी त्यांच्यातीलच काही जण इतरांना विचारीत होते. आपणही हे ध्यानात घ्यावे. परदेशी जाऊन समतेची अपेक्षा करायची आणि सोयरीक करताना पोटजात पाहायची, हे जुळत नाही.

परदेशात जात नसते, असे समजून कोणी जाऊ नये. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींविषयी निबंध वाचला. त्यात त्यांनी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या एका विधानाचा आधार घेतला. हिंदू लोक पृथ्वीवर अन्यत्र जाऊन वसले, तर जातीचा प्रश्न जगाचा प्रश्न होईल, असा त्या विधानाचा आशय आहे. शंभर वर्षांनंतर ते खरे झाले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिएटल शहराच्या नगरपरिषदेला जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालावी लागली. तो ठराव मांडणाऱ्या सदस्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले. पण ऑक्टोबरमध्ये तेथील गव्हर्नरांनी ते नाकारले. म्हणजे लढा तेथेही आहे. पण कल्याणमित्रही तेथे आहेत. बाबासाहेब विद्यार्थिदशेत ज्या घरात राहिले, ते लंडनचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. जाणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच अशा बांधवांचा पत्ता काढावा. एकटा माणूस लवकर खचतो.

स्वतः बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले. प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे आणि नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन अभ्यास पुरा केला. १९२३ साली ते परत आले. जाण्याचे कारण विद्या. ती मिळाली, आणि ते आपल्या माणसांत आले. आपल्या चांद्याचे राजाभाऊ खोब्रागडे हेही विलायतेत बॅरिस्टर होऊन परतले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला धम्मदीक्षा झाली तेव्हा ते बाबासाहेबांचे येथील विश्वासू कार्यकर्ते होते आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. परंतु हे सांगताना एक गोष्ट आपण विसरतो. बाबासाहेब लंडनला पुस्तकांत होते तेव्हा परळच्या चाळीत रमाई संसार ओढीत होती. परदेशगमनाची अर्धी किंमत मागे राहणारा भरतो. ती किंमत कोण भरणार, हे जाण्यापूर्वी त्या माणसाला विचारले पाहिजे.

आता व्यवहाराकडे वळू. जाण्याच्या तीन वाटा आहेत आणि त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

पहिली वाट शिक्षणाची. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या दरवर्षी ७५ जागा असतात. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. गुण, वय, उत्पन्न आणि विद्यापीठाचा दर्जा यांच्या अटी असतात. त्या वर्षीची जाहिरात समाजकल्याण कार्यालयात जाऊन नीट वाचावी. यासाठी शेत विकावे लागत नाही, मात्र तयारी बारावीपासून करावी लागते. गोंडपिपरीच्या मुलाने ही जागा आपल्यासाठी नाहीच, असे समजू नये.

दुसरी वाट कसबी कामाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशांना त्यात वाव आहे. पण त्या देशाची भाषा आली पाहिजे. भाषा शिकायला महिने लागतात आणि जागा लगेच मिळेलच असे नाही. म्हणून हातची नोकरी आधी सोडू नये.

तिसरी वाट मजुरीची, आणि फसवणूक येथेच जास्त. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या एजंटाला परदेशी कामगार पाठविता येत नाही. परवाना खरा की खोटा, हे शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर इतकेच शुल्क घेता येते. जो दहावी पास नाही, त्याला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत कामासाठी जाताना शासनाची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी चुकविण्यासाठी एजंट पर्यटक व्हिसावर पाठवितात. तसा गेलेला कामगार तिकडे बेकायदा ठरतो. मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचे संरक्षण मिळते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे. चोरवाटेचा शेवट काय होतो, हे ५ फेब्रुवारी २०२५ रोजी साऱ्या देशाने पाहिले. अमेरिकेने हाकललेल्या १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडण्यात आले. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते.

एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, "मास्तर, एजंट दीड लाख मागते. पोराले पाठवू का नको?" हिशेब करून पाहू. समजा, दीड लाख रुपये शेकडा तीन रुपये महिन्याने काढले. मुलाला पगार २८,००० रुपये. जेवणखाण आणि फोनचा खर्च ८,००० वजा जाता २०,००० उरतात. पहिल्या महिन्याचे व्याजच ४,५०० होते. सगळे २०,००० दरमहा कर्जात घातले, तरी ते फिटायला नऊ महिने लागतात. नऊ महिने घरी एक रुपया येणार नाही. पगार सांगितल्यापेक्षा कमी निघाला, तर वर्ष गेले. तेच शुल्क कायद्याप्रमाणे, म्हणजे करासह ३५,४०० रुपये असेल, तर दोन महिन्यांत फिटते. मी त्यांना एवढेच म्हटले, की जाणे वाईट नाही, दीड लाख वाईट आहेत. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, आणि एक संकटकाळासाठी जपून ठेवण्याचा. शेत हा आपला जपून ठेवण्याचा भाग आहे. परत यायला जागा उरेल, इतके तरी मागे ठेवून जावे.

कायमचे जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी समजून घ्याव्यात. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व जाते; आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. मग 'ओसीआय' कार्ड मिळते, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नुसते कामासाठी गेलेल्या भारतीय नागरिकाचा मताधिकार राहतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला मतदार म्हणून नाव नोंदविता येते, पण मत द्यायला स्वतः यावे लागते. ज्या मताच्या हक्कासाठी बाबासाहेब आयुष्यभर झगडले, ते मत सोडण्याचा निर्णय समजून-उमजून घ्यावा. तो नकळत होऊ नये.

मग निर्णय कोणत्या मनाने घ्यावा? त्याच सिगालोवाद सुत्तात माणसाला चुकीच्या वाटेला नेणारी चार कारणे सांगितली आहेत : छंद, द्वेष, मोह आणि भय. शेजाऱ्याचे स्लॅबचे घर पाहून जाणे हा छंद. गावात अपमान झाला म्हणून रागाच्या भरात जाणे हा द्वेष. अपमान खरा असतो, पण राग वाट दाखवीत नाही. करारपत्र न वाचता सही करणे हा मोह. 'उद्यापर्यंत पैसे भरा, नाहीतर जागा जाईल' या शब्दांनी घाबरणे हे भय. न जाण्याचा निर्णयही याच चार कसोट्यांवर घासावा. 'मुलगी एवढ्या दूर कशी पाठवायची' म्हणून हुशार परिचारिकेला घरी बसविणे, हेही भयच आहे. मुलाला जाऊ द्यायचे आणि मुलीला अडवायचे, ही समता नव्हे.

घरातील सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे. म्हातारी आई, सून, शाळेत जाणारी मुले, सगळ्यांनी. पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. तोंडी बोललेले विसरते आणि बदलतेही.

१. आपण कशासाठी जात आहोत? एका वाक्यात लिहा.
२. तेच येथे, चंद्रपूर-नागपूर-पुण्यात मिळू शकते का?
३. एकूण खर्च किती, कर्ज किती, ते कोणत्या महिन्यात फिटेल?
४. काम देणाऱ्याचे नाव, पगार, कामाचे तास आणि परतीचे भाडे करारात लिहिले आहे का? त्याची एक प्रत घरी ठेवली का?
५. मागे राहणाऱ्या वृद्धांना आजारपणात दवाखान्यात कोण नेईल? त्या माणसाने होकार दिला आहे का?
६. तेथे आपला कल्याणमित्र कोण?
७. हा निर्णय पुन्हा कधी तपासणार? तारीख लिहा.
८. परत यावे लागले, तर घर त्याला अपयशी म्हणणार नाही, असे सर्वांनी कबूल केले आहे का?

शेवटचा प्रश्न लहान वाटतो, पण तो सर्वांत जड आहे. 'आता कोणत्या तोंडाने परत जाऊ' या लाजेपायी माणसे परदेशात मार खात, उपाशी राहतात, पण परतत नाहीत. बाबासाहेब १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतले होते. म्हणून ते हरले नव्हते. तेव्हा जाणाऱ्याला निरोप देतानाच त्याच्या परतीचा दरवाजा उघडा आहे, हे घराने स्पष्ट शब्दांत सांगावे.

ज्याची आठही उत्तरे वहीत लिहून झाली, त्याने निर्धास्त जावे किंवा निर्धास्त राहावे. दोन्ही धम्माला धरूनच आहे. ज्याला उत्तरे लिहिता आली नाहीत, त्याने एजंटाला एक महिना थांबायला सांगावे. खरे काम महिनाभर थांबते. जे थांबत नाही, ते बहुधा काम नसते.

जयभीम!